नायगारा, डेट्रॉइट आणि अण्णांची गिरणी

पत्र:

ताई, मी नवरा आणि मुलासह न्यू जर्सीत एडिसनला राहते. आई-अण्णा सहा महिन्यांसाठी आले आहेत. सप्टेंबरात दहा दिवस गाडीनं फिरायचं ठरवतोय. नायगारा, बफेलो, क्लीव्हलँड, डेट्रॉइट, मिशिगनमधल्या वाळूच्या टेकड्या आणि शेवटी शिकागो. तिथे माझी मावसबहीण राहते. गाडी तिथेच परत करून आम्ही विमानानं घरी येऊ. अण्णा परळच्या एका मिलमध्ये होते. ८२च्या संपात मिल सुटली ती सुटलीच, पुढं त्यांनी वॉचमनची नोकरी केली. परवा जेवताना मी सहज म्हटलं की वाटेत बंद पडलेल्या कारखान्यांची शहरं लागतील, तर हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "ती दाखव मला. पाणी काय, आमच्या पाटणला पावसाळ्यात कुठंही पडतं." नवरा म्हणतो, सुट्टीत म्हाताऱ्या माणसाला असलं काही दाखवू नये, त्यांना त्रास होईल, शिवाय ती शहरं सुरक्षित नाहीत. आईला नायगारा बघायचाय, पण तिचे गुडघे दुखतात. जावयाच्या पैशांनी फिरायचं म्हणून अण्णा आधीच अवघडलेले आहेत, ते पुन्हा मागणार नाहीत. मला त्यांना दुखवायचं नाही. काय करू?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. अण्णांना ने. नायगाराला ने आणि डेट्रॉइटलाही ने. फक्त कसं न्यायचं हे नीट ठरव. मी स्वतः त्यात एकदा चुकले आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी ओहायोत बरीच वर्षं होते. २००९ साली माझे मामा इचलकरंजीहून आले. त्यांचा सगळा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला. मी त्यांना डेट्रॉइटला नेलं आणि मिशिगन सेंट्रल या रेल्वे स्टेशनासमोर उभं केलं. अठरा मजल्यांची ती इमारत तेव्हा ओसाड होती. १९८८ मध्ये तिथून शेवटची गाडी सुटली, त्यानंतर खिडक्यांच्या काचासुद्धा उरल्या नव्हत्या. मी म्हटलं, मामा, इथं उभे राहा, फोटो सुरेख येईल. मामांनी फोटो काढू दिला नाही. वर बघत विचारलं, "इथली माणसं कुठं गेली गं?" मला उत्तर येत नव्हतं. मी इमारत कधी बांधली, किती उंच आहे, असलं काहीतरी सांगत राहिले. ते गाडीत जाऊन बसले. तुझं पत्र वाचताना मला त्यांची ती पाठमोरी आकृती आठवली.

तुझ्या नवऱ्याची काळजी मनापासूनची आहे, त्याच्यावर रागावू नकोस. पण अण्णांनी बंद गिरणी पाहिली आहे. तिच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिलेलेही त्यांनी पाहिले असतील, रोज बसमधून. बंद कारखाना त्यांच्यासाठी नवा नाही. त्यांना टोचेल ते दुसरंच. त्यांच्यासारख्या माणसांचं घर बुडालं ती जागा आपली पोरं देखावा म्हणून बघताहेत, हे त्यांना टोचेल. तेवढं टाळ, म्हणजे बाकीचं अण्णा पेलतील.

आता पाटणच्या पाण्याबद्दल. अण्णांनी ते धबधब्याला कमी लेखून म्हटलं असेल, पण मला वाटतं प्रवासाची सुरुवातच तिथून कर. कोयनेचं पाणी घाटाखाली पोफळीला पडतं आणि त्याची वीज होते, हे पाटणच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याच्याही आधी, १९१५ पासून, मुंबईच्या गिरण्यांना खोपोलीची वीज मिळू लागली. लोणावळ्याच्या तलावांतलं पाणी घाटाखाली सोडून ती केली जायची. म्हणजे अण्णांची गिरणी सह्याद्रीवरून पडणाऱ्या पाण्याशी बांधलेली होती. नायगाराला हेच झालं, फक्त वीसएक वर्षं आधी. नोव्हेंबर १८९६ मध्ये नायगाराची वीज वीसएक मैलांवरच्या बफेलोला पोचली. १९०१ साली त्या शहरानं भरवलेलं प्रदर्शन त्याच विजेच्या दिव्यांनी उजळलं. स्वस्त वीज मिळते म्हटल्यावर अ‍ॅल्युमिनियमचे आणि रसायनांचे कारखाने धबधब्याच्या काठीच येऊन बसले.

धबधबासुद्धा आज पुरता मोकळा नाही. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झाला. पर्यटकांच्या मोसमात दिवसा सेकंदाला एक लाख घनफूट, म्हणजे साधारण २८ लाख लिटर पाणी कड्यावरून पडू द्यायचं, आणि रात्री व हिवाळ्यात त्याच्या निम्मं. बाकीचं बोगद्यांतून वीजघरांकडे वळतं. १९६९ साली तर कडा तपासायला अमेरिकेच्या बाजूचा धबधबा बांध घालून काही महिने कोरडा ठेवला होता. अण्णांना पहाटे लवकर एकदा कठड्यापाशी ने आणि नंतर भर दुपारी पुन्हा ने. पाण्याचीही पाळी बदलते, हे त्यांच्या आधी लक्षात येईल.

आईसाठी ही अमेरिकेची बाजूच सोयीची आहे. धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटीकडे उतरायला लिफ्ट आहे, पायऱ्या फारशा नाहीत. ती बोट २०२० पासून बॅटरीवर चालते, त्यामुळे डिझेलचा वास नाही आणि पाण्याचा आवाज नीट ऐकू येतो. रेनकोट देतात, तरी आईची साडी भिजणार हे धरून चाल. दुसऱ्या दिवशी उत्तरेला लुइस्टनच्या वीजघराचं प्रदर्शन बघा. प्रवेश फुकट आहे, तेव्हा जावयाचा खर्च वाचला म्हणून अण्णा खूश होतील. तिथली दोन वीजघरं मिळून साधारण २,६७५ मेगावॅटची, आणि आपली कोयना १,९६० मेगावॅटची. हा आकडा अण्णांना नक्की सांग. पाटणच्या माणसाची मान जरा ताठ होईल.

कॅनडाची बाजू मात्र मनातून काढून टाक. तिथून दृश्य समोरून दिसतं हे खरं, पण आई-अण्णांच्या अमेरिकन व्हिसावर कॅनडात जाता येत नाही, त्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. आणि पुढे याहून मोठी गोची आहे. बफेलोहून डेट्रॉइटला जायला कॅनडातून रस्ता जवळचा पडतो, म्हणून फोन तोच दाखवेल. क्लीव्हलँड आधी टाकलंस की रस्ता आपोआप एरी सरोवराच्या अलीकडून लागतो. डेट्रॉइटमध्येही नदीपलीकडे कॅनडाच आहे, आणि पुलाकडे जाणारी लेन चुकून धरली तर मागे वळणं अवघड होतं. त्या शहरात गाडी तू चालव किंवा नवरा चालवू दे, पण दुसऱ्यानं डोळे पाट्यांवर ठेवायचे. सगळ्यांचे पासपोर्ट आणि आई-अण्णांच्या आय-९४ च्या, म्हणजे अमेरिकेत आल्याच्या नोंदीच्या, प्रती हाताशी ठेव. सगळा रस्ता सरहद्दीच्या कडेनं जातो.

नायगारा फॉल्स नावाचं गाव बघितल्याशिवाय निघू नकोस. धबधब्याच्या उद्यानातून बाहेर पडून चार रस्ते चाललं की दुकानांना फळ्या ठोकलेल्या दिसू लागतात. १९६० साली या गावात एक लाख दोन हजारांवर माणसं होती, २०२० च्या जनगणनेत एकोणपन्नास हजारसुद्धा भरली नाहीत. याच गावात लव्ह कॅनॉल आहे. विजेसाठी खणायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला हा कालवा. १९४२ ते १९५३ या काळात एका रासायनिक कंपनीनं त्यात सुमारे २१ हजार टन कचरा पुरला आणि मग ती जमीन शाळा मंडळाला एका डॉलरला दिली. वर शाळा झाली, घरं झाली. १९७८ मध्ये तळघरांतून रसायनं वर यायला लागली होती, पोरं आजारी पडत होती. लॉइस गिब्ज नावाच्या एका गृहिणीनं शेजारणींना गोळा करून सरकारला तिथून माणसं हलवायला लावली. अशा जागा साफ करण्याचा अमेरिकेचा कायदा १९८० साली झाला, तो या लढ्यातून. तिथे जाऊन बघण्यासारखं काही नाही, कुंपणाआड गवत आहे. पण ही गोष्ट आईला सांग. संपाच्या काळात घर कुणी चालवलं हे आईला माहीत आहे, आणि ते तिला अजून कुणी विचारलं नसेल.

बफेलोला एक रात्र पुरे. एरी कालवा १८२५ मध्ये पुरा झाला आणि पश्चिमेचं धान्य या गावातून न्यूयॉर्ककडे जाऊ लागलं. नदीकाठी धान्याची काँक्रीटची कोठारं उभी आहेत, एकेक चाळीच्या चौपट उंच. १९५९ मध्ये सेंट लॉरेन्स नदीचा जलमार्ग खुला झाला, बोटी थेट समुद्राला जाऊ लागल्या आणि मधलं गाव बाजूला पडलं. तरी काठावरचा एक कारखाना चालू आहे आणि त्या भागात न्याहारीच्या भाजक्या ओटचा वास हवेत असतो. गाडीची काच खाली कर.

बफेलोहून निघताना हायवेवर लगेच चढू नकोस. सरोवराच्या काठचा रस्ता धरून लॅकवॉनाहून जा. इथे बेथलेहेम स्टीलचा कारखाना होता, भरात असताना वीस हजार माणसं कामाला असत. २७ डिसेंबर १९८२ ला कंपनीनं पोलाद करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. ते साल बघितलंस? मुंबईचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले, आणि संप मागे घेतल्याचं कधीच कुणी जाहीर केलं नाही. अण्णा परळच्या नाक्यावर वाट बघत उभे होते, त्याच वर्षाच्या अखेरीला या सरोवराच्या काठी दुसरी माणसं हातातला कागद वाचत उभी होती. कारणं वेगळी होती. इकडे बाहेरून स्वस्त पोलाद येत होतं, जुन्या भट्ट्यांवर मालकांनी पैसा घातला नव्हता. आपल्याकडे यंत्रमाग होते, जमिनीचे भाव होते. गाडी कडेला घे आणि अण्णांना फक्त ती तारीख सांग. त्यांना जे बोलायचं ते बोलू दे, नाही बोलले तर तसंच पुढे जा. आता तिथे पवनचक्क्या फिरतात.

लॅकवॉनाला येमेनमधून आलेल्या कामगारांची वस्ती आहे, पोलिश आणि इतरही आहेत. पोलादाच्या गावांत एकट्या कामगारांना घरात ठेवून घेणाऱ्या बायका असत. एक पाळी कामावर गेली की तिच्या अंथरुणावर दुसरी पाळी येऊन झोपायची. आता सांग, हे लालबागच्या खोलीचं वर्णन आहे की नाही? एका खोलीत वीस-वीस माणसं, तीन पाळ्या आणि खानावळवाल्या मावशीचा डबा. साताऱ्याचे आणि रत्नागिरीचे लोक मुंबईत ज्या आशेनं आले, त्याच आशेनं हे समुद्र ओलांडून आले होते. अण्णांना अमेरिका परकी वाटत असेल, तर इथं वाटणार नाही.

क्लीव्हलँडला मी पक्षपात करते, कारण या गावावर माझा जीव आहे. कायाहोगा नदी इथून सरोवराला मिळते. २२ जून १९६९ ला या नदीवरच्या तेलाला आग लागली. अर्ध्या तासात विझली. तिचा धड फोटोही कुणाकडे नव्हता, मासिकात छापला तो १९५२ च्या आगीचा होता. त्याआधी ही नदी दहाएक वेळा पेटली होती आणि लोकांना त्याचं फार काही वाटत नव्हतं. नदी मळलेली आहे म्हणजे कारखाने चालू आहेत, पगार होतोय, असा तो हिशोब होता. धुराड्यातून धूर दिसला नाही की पोटात गोळा यायचा. हे आपल्यासारख्या बाहेरच्या माणसाला विचित्र वाटतं, पण भोंगा वाजला नाही त्या सकाळची आठवण असणाऱ्याला वाटणार नाही. पुढे १९७२ मध्ये पाणी स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, त्यात या आगीचा वाटा मोठा होता. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, या नदीतले मासे खायला चालतील असं सरकारनं सांगितलं. नदीकाठी पोलादाचा कारखाना अजून चालू आहे, रात्री पुलावरून त्याची ज्योत दिसते.

गावाच्या दक्षिणेला त्याच नदीच्या खोऱ्यात राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला ब्रँडीवाइन धबधबा साठेक फुटांचा, नायगारानंतर अगदी घरगुती वाटतो. खाली उतरायला पायऱ्या आहेत, तेव्हा आईला वरच्या कठड्यावरूनच दाखव. जेवायला १९१२ पासूनच्या वेस्ट साइड मार्केटला जा. तिथे पिरोगी नावाचा पदार्थ मिळतो. बटाट्याचं सारण भरलेली, उकडून परतलेली करंजी समज. सोबत शेंगदाण्याची चटणी असली की आईचं जेवण होतं. गोमांसाचं विचारून घे, सारणांत असू शकतं.

डेट्रॉइटला दोन पूर्ण दिवस दे, आणि नवऱ्याला माझ्यातर्फे सांग की मी ते जबाबदारीनं सांगते आहे. मध्यभागात आणि संग्रहालयांच्या परिसरात दिवसा माणसं असतात, कुटुंबं असतात. पडक्या घरांच्या गल्ल्यांतून गाडी हळू करून फिरायचं नाही, एवढं पथ्य पाळा. बंद इमारतीत शिरायचं नाही. ते धोक्याचं आहे म्हणून तर नाहीच. पण शेजारचं घर पडलेलं असताना आपल्या अंगणात फुलं लावून राहणारी माणसं तिथे आहेत. संपानंतरच्या वर्षी अण्णांच्या चाळीसमोर कुणी परदेशी कॅमेरा घेऊन उभा राहिला असता तर?

१९५० साली या शहरात साडेअठरा लाख माणसं होती. २०२० ला सहा लाख एकोणचाळीस हजार. २०१३ मध्ये शहरानं दिवाळखोरी जाहीर केली. तेव्हा शहराला कर्ज देणाऱ्यांची नजर शहराच्या कला संग्रहालयातल्या चित्रांवर गेली. चित्रं विका आणि पैसे द्या, अशी मागणी झाली. शेवटी संस्थांनी, देणगीदारांनी आणि राज्यानं मिळून सुमारे ८१ कोटी डॉलर उभे केले. चित्रं वाचली आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचं पेन्शनही बरंचसं वाचलं. पूर्ण नाही. साध्या कर्मचाऱ्यांच्या पेन्शनमधून साडेचार टक्के कापले गेले आणि महागाईची वाढ बंद झाली. ज्यानं स्वतःच्या थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं खेटे घातले, त्या माणसाला हा हिशोब ऐकायला आवडेल. त्याच्यावर त्यांचं काहीतरी मतही असेल.

त्याच संग्रहालयात डिएगो रिव्हेराची भित्तिचित्रं आहेत, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रवासातली ही सर्वांत मोलाची जागा आहे. मेक्सिकोचा हा चित्रकार १९३२ मध्ये आला, फोर्डच्या रूज कारखान्यात महिनोन् महिने फिरला आणि एका दालनाच्या चारी भिंतींवर २७ चित्रं काढून गेला. एका भिंतीवर इंजिन तयार होतंय, समोरच्या भिंतीवर गाडीचा सांगाडा. वाकलेली, ओढणारी, ढकलणारी माणसं आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा मुकादम. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच कारखान्याच्या दारात बेकारांच्या मोर्च्यावर गोळीबार झाला होता, माणसं मेली होती. फोर्डच्या मुलानं पैसे दिले आणि चित्रकारानं कामगारांचे हात रंगवले. तिथे बाकं आहेत. अण्णांना बसव, आणि कृपा करून फोनवरची माहिती वाचून दाखवू नकोस. कोण कुठलं काम करतोय, मुकादम कोण, दमलेला कोण, हे अण्णा तुला सांगतील. तुझ्या मुलाला त्यांच्या शेजारी बसव आणि तू आईला घेऊन दुसऱ्या दालनात जा.

दुसऱ्या दिवशी डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयातून बसनं रूज कारखान्यात नेतात. वरच्या सज्जातून चालू असेंब्ली लाइन बघायला मिळते. लाइन कुठल्या दिवशी चालू आहे ते आधी विचारून तिकीट काढ, बंद लाइन बघण्यात अर्थ नाही. जेवण डिअरबॉर्नलाच करा. मोटारींच्या कामासाठी आलेल्या अरब कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे. मसुराचं सूप, गरम रोटी, फलाफल, सगळं आईला चालेल. आणि मिशिगन सेंट्रल बघ. ते स्टेशन फोर्डनं २०१८ मध्ये विकत घेतलं आणि जून २०२४ मध्ये दुरुस्त होऊन उघडलं. माझे मामा आता नाहीत. तुम्ही आत जा, दालनात बसा. तिथे हवं तर फोटो काढा.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर थोडंफार कळलं. काही माणसं दक्षिणेकडच्या राज्यांत गेली, कामं तिकडे गेली म्हणून. गोरी कुटुंबं उपनगरांत गेली आणि काळ्या कुटुंबांना तिथे घरं मिळू दिली गेली नाहीत, म्हणून ती शहरातच राहिली. आपली कल्याणला, विरारला गेली, कुणी गावाकडे. अण्णांनी विचारलं तर एवढं सांग, आणि मग त्यांच्या खोलीतले सोबती कुठं गेले ते विचार.

पुढचा दिवस लांबचा आहे, टेकड्यांपर्यंत चार-पाच तास. वाटेत फ्लिंट लागतं. थांबू नका, पण गाडीतच गोष्ट सांग. ३० डिसेंबर १९३६ ला जनरल मोटर्सच्या कामगारांनी संप केला तो कारखान्यातच बसून. ४४ दिवस ते यंत्रांपाशी बसून राहिले. थंडी होती, बायका खिडक्यांतून जेवण पोचवत होत्या. कंपनीला त्यांची युनियन मान्य करावी लागली. अण्णा म्हणतील, आम्ही बाहेर पडलो तिथेच चुकलो का? या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे नसलं तरी चालेल. आणि याच गावानं २०१४ मध्ये पैसे वाचवायला नळाचं पाणी बदललं, त्यात शिसं उतरलं, हेही सांग. एवढ्या गोड्या पाण्याच्या शेजारी राहून त्यांना प्यायला पाणी नव्हतं.

स्लीपिंग बेअरच्या टेकड्या आईच्या आहेत. गाडीतून सात मैलांचा सुंदर रस्ता आहे, मिशिगन सरोवर दिसतं त्या कड्यापर्यंत थोडंच चालायचं. कडा सरोवरापासून साडेचारशे फूट उंच, वाळू थेट पाण्यात उतरते. तुझा मुलगा खाली धावायला बघेल. धावू देऊ नकोस, खाली जायला काही मिनिटं आणि वर यायला तास-दोन तास लागतात. तिथल्या मूळनिवासी ओजिब्वे लोकांची गोष्ट आईला सांग. पलीकडच्या किनाऱ्याला वणवा लागला म्हणून अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन पोहत निघाली. ती पोचली, पिल्लं पोचली नाहीत. ती काठावर वाट बघत निजली आणि वाळूनं तिला झाकलं. समोरची दोन बेटं म्हणजे ती पिल्लं. आणि अण्णांना सांग की समोरचं हे पाणी खालच्या सरोवरांतून हळूहळू नायगाराच्या कड्याकडेच निघालंय. त्यांनी पहाटे बघितलेली पाळी इथल्याच पाण्याची.

शिकागोला पोचायच्या आधी शेवटचा मुक्काम इंडियाना ड्यून्सजवळ कर. हे राष्ट्रीय उद्यान १५ मैल किनाऱ्याचं, आणि त्याला लागूनच पोलादाचे कारखाने. १९६६ साली उद्यानवाल्यांची आणि बंदरवाल्यांची तडजोड झाली, बंदरही झालं आणि वाळूही वाचली. सगळी नाही. मिशिगन सिटीला हूजियर स्लाइड नावाची जवळपास दोनशे फुटांची टेकडी होती. काचेच्या बरण्या करायला तिची वाळू गाड्या भरभरून नेली, १९२० पर्यंत टेकडी संपली. आपल्या आज्यांकडे लोणच्याच्या बरण्या असायच्या तशा अमेरिकेतल्या आज्यांच्या फडताळात ती टेकडी गेली.

शेजारचं गॅरी हे गाव यू. एस. स्टील कंपनीनं १९०६ मध्ये वसवलं. १९६० ला पावणेदोन लाखांवर वस्ती होती, २०२० ला ६९ हजार. इथे एक गोष्ट अण्णांना चमत्कारिक वाटेल. कारखाना बंद पडलेला नाही. चालू आहे, पोलाद निघतंय. पूर्वी जिथे हजारो हात लागायचे तिथे आता थोडे लागतात, म्हणून गाव रिकामं झालं. आपल्याला वाटतं मालक पळाला, गिरणी बंद झाली, संप फसला, त्याचं हे सगळं फळ. संप झाला नसता तरी काय झालं असतं, याचं एक उत्तर गॅरीत उभं आहे. चाळीस वर्षं "आम्ही संपावर गेलो नसतो तर" हे मनात घोळवणाऱ्या माणसाला त्यानं थोडं हलकं वाटेल, असं मला वाटतं. खात्री देत नाही. गॅरीत रस्त्यावरून फिरू नका, संध्याकाळी किनाऱ्यावर बसा. डावीकडे धुराडी दिसतील, समोर सूर्य पाण्यात जाईल.

प्रवासाचं थोडं. पहिल्या दिवशी एडिसनहून नायगारा एका दमात करू नकोस, चारशे मैल होतात. वाटेत एक रात्र काढ आणि दर दोन तासांनी आईला पाय मोकळे करू दे. आई-अण्णांचा आरोग्य विमा काढलेला नसेल तर आज काढ. साखरेच्या आणि बीपीच्या गोळ्या डिकीत नकोत, हातातल्या पिशवीत. इलेक्ट्रिक केटली आणि चहाची पूड घे. दशम्या, थालीपिठाची भाजणी आईला करायला आवडेल, करू दे. टोलसाठी ई-झेडपास न्यूयॉर्कपासून इलिनॉयपर्यंत चालतो. अण्णांना पुढच्या सीटवर बसव. आणि पैशांचं असं कर. एखाद्या दिवसाचं जेवण अण्णांच्या हातानं होऊ दे, डॉलर आधीच त्यांच्या खिशात ठेव, त्यावरून बोलू नकोस.

आता शेवटचं. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आईच्या गुडघ्यांबद्दल त्यात ओळ आहे, हॉटेलांबद्दल तू वेगळं लिहिलं होतंस ते मी इथे छापलं नाही. अण्णा "एका मिलमध्ये होते", एवढंच आहे. साचेखात्यात होते का, रिंगखात्यात, वाइंडिंगला, फोल्डिंगला की रंगखात्यात? बदली कामगार होते की कायम? पहिल्या पाळीला जायचे की रात्रपाळीला? मला वाटतं तुला ठाऊक नाही. त्यात तुझा दोष नाही, आपल्या घरांतून या गोष्टी बोलल्याच गेल्या नाहीत. घास हातात धरून त्यांनी तुझ्याकडे जे मागितलं ते बहुधा हेच असावं. निघायच्या आधी, आजच रात्री चहा देताना विचार.

परत आलात की मला लिही, आणि त्या पत्रात अण्णांचं खातं कळव.